बक्षिसाची दोन तिकिटं

स्वतःसाठी नाटकाचं तिकीट काढणारी बाई मी लहानपणी पाहिलीच नाही. आणि हे मी सांगलीबद्दल सांगते आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला तो इथेच. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, त्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, गावात घरोघरी नटांच्या आठवणी निघतात. आमच्या आळीतल्या बायकांना मात्र नाटक भेटायचं ते पुरुषांनी घरी येऊन सांगितलेलं. पैशांची ओढ होतीच, पण अडचण तेवढीच नव्हती. दूध, वाणी, शाळेची फी, डॉक्टर अशा ओळींनी भरलेल्या महिन्याच्या वहीत ‘नाटक’ लिहायचं तर कुणापायी? आईनं तो खर्च स्वतःच्या नावावर कधी पडू दिला नसता.

ही कोंडी एका शब्दकोड्यानं फोडली. दुपारची झाकपाक झाली की आई वर्तमानपत्रातलं कोडं घेऊन बसायची. कूपन कापायचं, पोस्टकार्डावर चिकटवायचं आणि पेटीत टाकायचं, ही कामं माझी. एकदा अचूक उत्तरांच्या सोडतीत तिचं नाव निघालं आणि तिच्या नावाचं पाकीट घरी आलं. आत ‘संगीत सौभद्र’ची दोन तिकिटं. वडिलांनी वही उघडली नाही. पैसा गेलाच नव्हता, तर लिहिणार काय? बक्षिसाच्या तिकिटाचं हे मोठेपण मला फार वाटतं. त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही, त्यामुळे आयुष्यभर स्वतःला मागे ठेवणारं माणूस निःसंकोच पुढे जाऊन बसतं.

तिकिटं दोन, घरात माणसं सहा. काका म्हणाले, वहिनींना कशाला दगदग, मी आणि दादा जाऊन येतो. आजीनं त्यांना तिथंच थांबवलं. “पाकिटावर नाव कुणाचं आहे? बक्षीस तिचं, बरोबर कोणाला न्यायचं तेही तीच ठरवील.” आईनं मला नेलं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 सालचं. त्यातली पदं रेडिओवर ऐकून ऐकून आईला तोंडपाठ होती. ती कथेत कुठे येतात हे मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली आणि ती खुर्चीच्या कडेवर सरकून बसली, ती मध्यंतरापर्यंत तशीच. एखादं ओळखीचं पद सुरू झालं की तिचे ओठ हलायचे आणि पुढच्याच क्षणी थांबायचे, कारण समोर कोण कुणाला आणि का म्हणतंय हे तिला नव्यानं कळत असायचं. मध्यंतरात बटाटेवडा हातात तसाच धरून ती मला म्हणाली, “अगं, हे तर ती दुःखात म्हणते! मी आपली रोज पोळ्या लाटताना आनंदानं म्हणत आलेय.” त्यानंतर स्वयंपाकघरात ते पद तिनं संथ लयीत म्हटलेलं मी ऐकलं आहे.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईला आले. एफएम रेडिओवरच्या प्रश्नांना फोन लावायचा, लागला तर लागला. अशा जिंकलेल्या तिकिटांवर दादरच्या शिवाजी मंदिरात मी जी नाटकं पाहिली, त्यांतली निम्मी मी विकत घेऊन पाहिली नसती. रविवारच्या जाहिरातींत आपण ओळखीची नावं शोधतो आणि तिथेच बुकिंग करतो. जिंकलेलं तिकीट आपली आवड विचारत नाही. नाव न ऐकलेला लेखक, चेहरा न पाहिलेला नट, रिकामा रंगमंच आणि एक बाक यांच्यापुढे त्यानं मला नेऊन बसवलं. आज नव्या संस्थेच्या पहिल्या प्रयोगाला मी आवर्जून पैसे मोजते, त्याचं मूळ त्या फोनांत आहे.

आई मुंबईत माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा आमच्या वाचनालयाच्या सोडतीत एनसीपीए या कलाकेंद्रातल्या मैफलीची तिकिटं लागली. 2006 साली इथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्याच्याही कितीतरी आधी, 1935 मध्ये, झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता. हे पाश्चात्त्य संगीत मुंबईत इतकं जुनं, पण आमच्या घरातलं कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. त्या दिवशी संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी होती, 1893 साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजलेली. ओबो या वाद्यानं एक सूर धरला आणि सगळे वादक आपापली वाद्यं त्याला मिळवू लागले. आई लगेच म्हणाली, “जुळवून घेताहेत.” मिरजेच्या तंबोऱ्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या बाईला ते सांगावं लागलं नाही.

तिचं लक्ष खिळलं ते ट्युबा घेऊन बसलेल्या वादकावर. या सिम्फनीत ट्युबा फक्त दुसऱ्या भागात वाजतो, तोही मोजकेच सूर. ट्रॉम्बोनच्या स्वरसमूहाला खालून आधार द्यायचा आणि वाद्य मांडीवर घ्यायचं. बाकीचा वेळ तो माणूस ताठ बसून होता. झांजेचा तर अख्ख्या रचनेत एकच आघात, शेवटच्या भागात. मध्यंतर असतं तर आईनं मला तिथेच सांगितलं असतं, बाहेर आल्यावर म्हणाली, “तेवढ्यासाठी तो आला, आणि तेवढं नसतं तर चाललं नसतं.” राज्य नाट्य स्पर्धेत भालदार-चोपदाराचं काम करणारी पोरं तिनं पुढे सांगलीत पाहिली होती. तिनं त्यांचीच नावं घेतली.

चार सुरांसाठीही कुणी येऊन ताठ बसतं, म्हणूनच फुकट पासाची रिकामी खुर्ची मला सहन होत नाही. एका कार्यक्रमात पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या आणि पडदा उघडला तरी त्या तशाच होत्या. मागे पोरं भिंतीला टेकून उभी. नटाला पहिल्या वाक्यालाच समोर रेक्झिन दिसतं. जिंकलेल्यानं यायलाच हवं, आणि जमणार नसेल तर दुपारपर्यंत कळवायला हवं.

आता मी ठाण्यात राहते. सोसायटीच्या गणपतीत बायकांच्या स्पर्धांना डबे आणि पातेली बक्षीस म्हणून द्यायचे. डबा घराचा होतो, तिचा होत नाही, हे मी सभेत सांगितलं. थोडी वादावादी झाली आणि एका बक्षिसापुरतं मान्य झालं. तेव्हापासून गडकरी रंगायतनची दोन तिकिटं ठेवतो. पाकिटावर जिंकणारीचं पूर्ण नाव, आणि सोबत कोण याची चौकशी कुणी करायची नाही. गेल्या खेपेला आमच्या इस्त्रीवाल्यांच्या सुनेला मिळालं. ती नवऱ्याला मुलांजवळ ठेवून शेजारणीबरोबर गेली. तिकिटं मी स्वतः काढते, बुकिंगचा प्लॅन उघडतो त्याच सकाळी. कमिटी म्हणते बाल्कनी चालेल, वाचलेल्या पैशांत आणखी एक बक्षीस बसेल. मी नाही म्हणते. पहिल्यांदा येणाऱ्या बाईला नटाचे डोळे दिसले पाहिजेत; पाचवी-सहावी रांग, आणि मधल्याच खुर्च्या.