बाबांचा प्रश्न

संगणकाला मराठी येतं का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या पडद्यावर?

आमच्या नाशिक रोडच्या घरी जुन्या संगणकावर लिनक्स आहे. तो सुरू होताना काळ्या पडद्यावर गावाचं नाव मराठीत यावं, ही बाबांची हौस. आले चौकोन! बाबा म्हणाले, "आपली भाषा चालत नाही वाटतं."

भाषा शाबूत होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'नाशिक रोड' मधल्या मोकळ्या जागेसकट २५ बाइटांचं. फाईलमध्ये ते सगळे जागेवर होते. पण त्या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकार मावतात. त्यात देवनागरी भरली तरी 'शि'ची वेलांटी 'श'च्या आधी नेणं किंवा जोडाक्षर जुळवणं त्याला जमत नाही.

त्यात नेटवरून घेतलेली स्क्रिप्ट बॅशच्या बोलीतली. उबुंटूने २००६ साली आणि डेबियनने २०११ साली 'एसएच' या नावामागे डॅश बसवलं. डॅशला 'सोर्स' ही आज्ञा कळत नाही, तिथे नुसतं टिंब लागतं. दुहेरी चौकटी कंसही चालत नाहीत.

शेवटी सुरुवातीची स्क्रिप्ट साध्या 'एसएच'मध्ये, साध्या रोमन अक्षरांत लिहिली. मराठी नाव डेस्कटॉपवर आणलं. तिथे वेलांटी बरोब्बर बसते.

बाबा खूश झाले, पण विचारलंच, "म्हणजे आधी इंग्रजी, मग आपण?"

तो पडदा एका घरात एक अक्षर बसवणाऱ्या लिपींसाठी आखलेला, हे कारण मी सांगितलं. प्रश्न मात्र रास्तच आहे. असो.