खेळण्यांचं गाव आणि चाकांची खुर्ची

न्यूरेंबर्ग म्हटलं की आपल्याला आठवतो तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा नाझी पुढाऱ्यांवरचा खटला. पण जर्मनीतलं हे शहर त्याच्या कितीतरी आधीपासून खेळण्यांसाठी नावाजलेलं आहे. १४०० सालाच्या सुमारास इथे बाहुल्या घडवणारे कारागीर होते, अशी नोंद सापडते.

२०१७ साली मी तिथे गेले, तेव्हा सर्वांत आधी खेळण्यांचं संग्रहालय गाठलं. बायर कुटुंबाच्या संग्रहातून ते १९७१ साली उभं राहिलं. आत शिरले आणि थबकलेच. समोर चक्क भातुकली! चूल, चिमुकली पातेली, ताटल्यांनी भरलेली फडताळं. युरोपात अशा खेळातल्या स्वयंपाकघरांना न्यूरेंबर्गचंच नाव आहे. जरा निरखून पाहिलं तर आजीच्या माजघराची आठवण यावी. आणि बाहुल्या तरी किती! गुलाबी गालांच्या, मलमली झग्यांतल्या. मी पाहिलेल्या कपाटांत तरी सगळ्या धडधाकट.

हे एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. पण निघताना मावसबहिणीच्या लेकीनं मागणं घातलं होतं, "मावशी, माझ्यासारखी बाहुली आण हं." वय वर्षे नऊ, जन्मापासून चाकांच्या खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी ते खटल्याचं न्यायालय पाहिलं. नाझींनी १९३९ पासून अपंग मुलांना ठरवून मारलं, आणि त्यात डॉक्टरांचाच हात होता. १९४६-४७ साली याच शहरात तेवीस जणांवर खटला चालला, त्यात बहुतेक डॉक्टरच होते आणि आरोपांमध्ये अपंगांच्या हत्याही होत्या. आदल्या दिवशीची ती गुलाबी गालांची कपाटं मग काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

न्यूरेंबर्गहून लोकल गाडीनं थोडं पुढे गेलं की आल्टडॉर्फ हे छोटं गाव लागतं. इथला श्टेफान फार्फ्लर हा घड्याळजी पायांनी अधू होता. १६५५ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची खुर्ची बनवली. हातांनी दांडे फिरवायचे की दातेरी चाकं फिरत आणि गाडी पुढे चाले. मागून ढकलायला कुणी नको!

खेळण्यांच्या दुनियेला हे कळायला मात्र साडेतीनशे वर्षं लागली. १९९७ साली मॅटेल कंपनीनं बार्बीची चाकांच्या खुर्चीतली मैत्रीण आणली, बेकी. पण तिची खुर्ची बार्बीच्या बंगल्यातल्या लिफ्टमध्ये मावेना! ही चूक दाखवून दिली ती अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीनं. पुढे २०१९ साली खुर्चीतली बार्बी आली, तेव्हा तिच्यासोबत रॅम्पही आला. २०१५ मध्ये रेबेका ॲटकिन्सन या ब्रिटिश पत्रकार बाईंनी अशीच तक्रार मांडली. त्या स्वतः कानांनी आणि डोळ्यांनी अधू. लेगोच्या खेळण्यांत चाकांच्या खुर्चीत दिसतो तो एक म्हातारा, आणि त्यालाही दुसराच कुणी ढकलतोय, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी आपलं रूप त्या म्हाताऱ्यात पाहायचं का?

न्यूरेंबर्गला दरवर्षी थंडीत खेळण्यांची मोठी व्यापारी जत्रा भरते. २०१६ च्या जत्रेत लेगोनं टोपीवाला एक तरुण मांडला. चाकांच्या खुर्चीत बसलेला, सोबतीला कुत्रा, आणि जागा इस्पितळ नव्हे, बाग! बोटभरही नसेल त्याची उंची, पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली.

तो बागेचा संच मी तिथल्याच एका दुकानातून घेतला. बाहुली नव्हे, पण दुसरं मिळालं नाही.

घरी आल्यावर भाचीनं खोकं फोडलं. कुत्रा आधी बाजूला काढून फ्रॉकच्या खिशात टाकला. मग टोपीवाल्याला खुर्चीत बसवून तिनं त्याला टेबलावर इकडून तिकडे पळवलं. टेबलावर जाड शब्दकोश आडवा पडला होता, त्याच्या कडेशी गाडी अडली.

"थांब हं," ती त्याला म्हणाली. शाळेची वही ओढून तिनं ती शब्दकोशाला तिरकी टेकवली, आणि बोटाच्या टोकानं खुर्ची हळूच वर चढवली.