मे महिन्यात प्रथिनं शुद्ध करताना

वर्धा जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत मी डीएनएच्या दुरुस्तीवर काम करते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देतात, तेव्हा पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. तुटलेली टोकं सुरुवातीलाच पकडणारा संच एमआरई११, रॅड५० आणि एनबीएस१ या तीन प्रथिनांचा. तो आम्हाला मानवी पेशींतून अख्खा बाहेर काढायचा होता.

पेशी एचईके२९३. एनबीएस१ला फ्लॅग टॅग, म्हणजे आठ अमिनो आम्लांची शेपटी जोडलेली. ती अँटिबॉडीच्या मण्यांना चिकटते. एनबीएस१ ओढला की बाकीचे दोघे सोबत येतात.

हिवाळ्यात ते आलेही. मे महिन्यात मात्र प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर रॅड५०ची १५० किलोडाल्टनची पट्टी पुसट झाली आणि खाली तुकड्यांची रांग दिसली. बाहेर पारा ४५च्या पुढे. दुपारी वीज जायची आणि कोल्ड रूम नावालाच थंड राहायची. पेशी फोडल्या की त्यांच्यातलेच प्रोटिएज बाकीची प्रथिनं तोडू लागतात. त्या दिवशी कुणाशी न बोलता मी घरी गेले.

मग पद्धत बदलली. पेशी गोळा करून उणे ८० अंशांत ठेवायच्या, फोडायच्या पहाटे. कोल्ड रूममध्येही नळ्या बर्फातच. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही, म्हणून ते अगदी शेवटी घालायचं. कोल्ड रूम जनरेटरच्या लाइनवर घ्यायला अर्ज केला. तो मंजूर व्हायला पावसाळा उजाडला, पण झाला.

रॅड५० परत आला. त्याच्यासोबत काही अनोळखी पट्ट्याही आल्या. नवा भागीदार सापडला या विचाराने मला झोप लागली नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बेंझोनेज वापरायला सांगितलं. हे एन्झाइम डीएनएचे बारीक तुकडे करतं. त्याला मॅग्नेशियम लागतं, म्हणून मॅग्नेशियम बांधून ठेवणारं ईडीटीए बफरमधून काढलं. बहुतेक अनोळखी पट्ट्या गेल्या. ती प्रथिनं आमच्या संचाला नव्हे, संचाने धरलेल्या डीएनएला धरून होती. दुरुस्तीच्या प्रथिनांत हा धोका कायमचाच, कारण त्यांचं कामच डीएनएला धरण्याचं. उरलेल्यांपैकी ७० किलोडाल्टनजवळची हीट शॉक प्रथिनाची पट्टी एटीपीने धुतल्यावर कमी झाली.

हे काम सुरू करणार असाल, तर टॅग नसलेल्या पेशी दर वेळी सोबत चालवा. त्यांच्यातही दिसणारी पट्टी आपली समजू नका.