नावाला अंजन

आमच्या इंझोरीहून कुठेही जायला एसटीत बसलं की पाट्यांवर झाडं भेटू लागतात. कारंजात करंज, उंबर्ड्यात उंबर, मानोऱ्याच्या अंगाला धामणी. त्याहून पुढे गेलं तर पळसखेड, बोरगाव, पिंपळगाव, हिवरा यांना तोटा नाही. इंझोरीनं तेवढं आपलं नाव कोणत्या झाडाच्या बुंध्याला बांधलेलं नाही. ही सगळी झाडं पाट्यांवर जशी आहेत तशी बोलण्यातही आहेत. करंजाचं तेल खरजेला लागतं, उंबराखाली दत्त बसतो, पळसाला पानं तीनच हे पळस न पाहिलेल्यालाही ठाऊक असतं. अंजनाचं तसं नाही. वाशिमजवळ अंजनखेडा आहे, मेहकर-लोणारकडे दोन अंजनी आहेत, बडनेऱ्याजवळ अंजनगाव बारी, धामणगावच्या बाजूला अंजनसिंगी, आणि दर्यापूरच्या पुढे इतिहासाच्या पुस्तकातलं अंजनगाव सुर्जी. गावांखेरीज मारुतीची आई आहे, डोळ्यांत घालायचं काजळ आहे, एक गवत आहे, दिशा तोलून धरणारा एक हत्तीसुद्धा आहे. अंजनाचं झाड दाखवा म्हटलं, की मात्र पारावरची माणसं एकमेकांकडे पाहतात.

माझी त्याची ओळख झाली ती लाकूड म्हणून. झाड फार पुढे भेटलं. काकांचं धाब्याचं घर उतरवून चुलतभावानं स्लॅब टाकायचा ठरवला तेव्हा वरची माती गेली, सागाच्या कड्या भराभर निघाल्या, आणि मधल्या खोलीची मयाल काही केल्या हलेना. सागाची कडी दोघं जण खांद्यावर घेऊन जात होते. हिच्याखाली सहा जण लागले आणि सहाही जण शिव्या देत होते. खाली उतरवल्यावर वाढई तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे अंजन हाय. याले सरळ खिया मारसान तर खिया वाकते. अगोदर भोक पाडा लागते." त्यानं भोक पाडायला घेतलं तर गिरमिटाच्या टोकाशी धूर दिसू लागला. सागाचा भुसा पिवळट पडतो. याचा तांबूस, मध्येच जांभळट, आणि गाभा तर काळ्याकडे झुकलेला. कापलेल्या टोकाचा एक ठोकळा आणि सागाचा एक ढलपा त्यानं पोरांच्या करमणुकीसाठी पाण्याच्या बादलीत टाकला. ढलपा फिरत राहिला. ठोकळा बुडाला तो बुडाशी जाऊनच थांबला.

पाण्यात बुडणारं लाकूड आपल्या देशात फार थोड्या झाडांचं. अंजन त्यांतलं, आणि भारतातल्या सर्वांत कठीण, सर्वांत जड लाकडांत त्याचं नाव घेतलं जातं. ज्याला मार खायचा आहे, घासायचं आहे, भार सोसायचा आहे, त्या कामाला ते लागे: बंडीच्या चाकाचा तुंबा, तेलघाण्याची लाट, घराचा खांब, मयाल. कपाट, पलंग, देव्हारा असल्या मिरवण्याच्या वस्तूंच्या वाट्याला ते सहसा गेलं नाही, कारण रंधा त्याच्यावर चालत नाही, घसरतो. सुताराला ज्याचा राग येतो त्या लाकडाचं कौतुक घरात होत नाही. सागाचं झालं. साग कापायला नरम, टिकायला पक्का, विकायला सोपा. आमच्याकडे लाकूड म्हणजे सागच, आणि वनखात्याच्या लेखी जंगल म्हणजेही पुष्कळदा सागच.

झाड पुढे पाहिलं ते सातपुड्याच्या पायथ्याशी, मुरमाड उतारावर. अंजन जिथे असतं तिथे घोळक्यानं असतं आणि जिथे नसतं तिथे मैलोन् मैल नसतं. खानदेश-वऱ्हाडच्या कोरड्या टेकड्यांवर त्याचे असे पट्टे आहेत. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या वनांचं वर्गीकरण छापलं, त्यात अंजनवनाला स्वतंत्र खण दिलेला आहे. सागाला जी जमीन हलकी वाटते ती याला चालते. बारीक, खाली झुकणाऱ्या फांद्या, करडी साल, आणि पान मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही: एका देठाच्या टोकाला दोनच पर्णिका, समोरासमोर, पंख उघडून बसलेलं फुलपाखरूच. आपट्याचं पान एकच असतं आणि मधून चिरलेलं असतं. अंजनाची दोन वेगळी असतात. आपट्याच्या नावावर बाजारात कांचन खपतो तसा दसऱ्याला अंजनही खपला असता, पण एवढ्या आडरानात जाऊन डहाळ्या आणायच्या कोणी? फुलं पावसाळ्यात येतात, इवलीशी, फिकट पिवळी, कोणाच्या लक्षातही येत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड थोडे दिवस उघडं होतं आणि ऐन चैत्रात, बाकीचं रान करपलेलं असताना, तांबूस पालवी घेऊन उभं राहतं. शेळ्या-बकऱ्या त्या पाल्यावर जगतात. चाऱ्यासाठी फांद्या छाटल्या तरी ते पुन्हा फुटतं. कोवळ्या फांद्यांच्या सालीचा दोर निघतो. गुराख्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याला अंजनाचा इतिहास कोणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारतात त्यांना त्याचा पाला ठाऊक नसतो.

इतिहास सगळा गेला गावाच्या वाट्याला. १८०३ साली २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रजांनी मराठ्यांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, १७ तारखेला नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी सुर्जी अंजनगावचा. शिंद्यांची बाजू संपली: गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळं एका कागदावर गेलं. देवगावच्या तहानं भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला, तो निजामाकडे गेला, आणि आमच्या वऱ्हाडाचा शेतसारा पुढची पन्नास वर्षं हैदराबादच्या नावानं भरला गेला. शाळेत हे पाठ करताना अंजनगाव म्हणजे तह एवढंच कळे. प्रत्यक्षात ते शहानूर नदीकाठचं जोडगाव, विड्याच्या पानांच्या मळ्यांचं आणि पानपिंपळीचं. बारी समाजानं तिथे वेल चढवले, देवनाथ महाराजांचा मठ तिथे आहे. एका तहानं गावाचं बाकी सगळं झाकून टाकलं. झाड तर त्याहून खाली गेलं.

याच काळात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग हिंदुस्थानातल्या झाडांना लॅटिन नावं देत होता. त्यानं अंजनाला हार्डविकिया बिनाटा म्हटलं. 'बिनाटा' त्या जोडपानामुळे, आणि 'हार्डविकिया' कंपनीच्या बंगाल तोफखान्यातल्या थॉमस हार्डविक या अधिकाऱ्यामुळे. इकडे कंपनीच्या तोफांनी गाविलगडाची तटबंदी फोडली, आणि तिकडे कंपनीच्याच एका तोफखानेवाल्याचं नाव वऱ्हाडातल्या सर्वांत कठीण झाडाला चिकटलं. हे मुद्दाम कोणी जुळवून आणलं नव्हतं. माणूसही वाईट नसावा. जन्मभर प्राणी-पक्षी गोळा करत, त्यांची चित्रं काढून घेत हिंडला. एका पालीला त्याचं नाव आहे, एका रानपाखराला आहे. तांबड्या पांडाचं त्यानं केलेलं वर्णन १८२१ साली लंडनला वाचलं गेलं, पण ते छापून येईपर्यंत फ्रेंच क्यूव्हिएनं आपलं नाव आधी छापलं आणि नामकरणाचा मान नेला. ज्याला आपल्या प्राण्याचं बारसं करता आलं नाही, त्याच्या नावानं आमच्या झाडाचं बारसं झालं.

सह्याद्रीतली माणसं अंजन म्हणतात ते वेगळंच. पुण्याच्या एका मित्रानं मला एकदा फाल्गुनात विचारलं, "तुमच्याकडे अंजन फुललं का?" त्याच्या डोळ्यांपुढे होतं महाबळेश्वर-माथेरानचं ते छोटं, गच्च पानांचं झाड, ज्याच्या फांद्यांना उन्हाळ्यात निळ्या फुलांचे झुबके लगडतात. तेही लाकडाला चिवट, तेही अंजन, कोणी अंजनी म्हणतं. कुळ मात्र पूर्ण निराळं. त्या निळ्या बहरामुळे लेखकांच्या लेखणीत तेच अंजन जास्त उतरलं. आमचं शेंगांच्या कुळातलं. आमच्याकडे निळं काही फुलत नाही, असं मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला माझी थोडी दया आली असावी.

आणखी नावकरी आहेतच. अंजन गवत कोरडवाहू कुरणांतलं चांगलं वैरण. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं तर अंजनाच्या झाडांखाली अंजन गवत लावून चराईचे प्रयोग केले, म्हणजे दोन सनामांना एकाच वाफ्यात बसवलं. अमरकोशातल्या आठ दिग्गजांत पश्चिमेकडच्या हत्तीचं नाव अंजन. काकांच्या घराची मयाल पाहिल्यापासून मला त्या हत्तीविषयी आपुलकी आहे, भार उचलणारे दोघेही. त्र्यंबकेश्वरजवळची अंजनेरी मारुतीचं जन्मस्थान मानली जाते, आणि तिथल्या कड्यावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी डोंगराचंच नाव दिलं. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला पुरलेलं धन दिसतं, असं गावोगाव सांगत असत. अंजनाखाली उभं राहून मात्र कोणाला काही दिसल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यांत मला थांबावंसं वाटतं ते तंजावरपाशी. तामिळनाडूत या झाडाला 'आच्चा' म्हणतात, आणि तिथले लोक त्यातून नागस्वर कोरतात. देवळाच्या उत्सवात, लग्नाच्या मांडवात वाजणारं, शनईहून किती तरी लांब आणि दणदणीत वाद्य. कुंभकोणमजवळच्या नरसिंगपेट्टै गावच्या नागस्वराला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांची गंमत अशी, की त्यांना ताजं लाकूड नको असतं. जुनी घरं पाडली की त्यांतले आच्च्याचे वासे, खांब ते विकत घेतात. पिढ्यान् पिढ्या छपराखाली वाळलेलं लाकूड ते भोक पाडून, आतून साफ करून गातं करतात. ज्या कठीणपणामुळे आमच्या वाढयानं कपाळाला हात लावला, तोच तिथे सुराला लागतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. त्यांच्या दरबारात, देवळांत हे वाद्य वाजलं, मराठी कानांनी ते पावणेदोनशे वर्षं ऐकलं. आपल्या घराची मयाल इथे गाते आहे, हे मात्र त्यांतल्या कोणाला सुचायचं कारण नव्हतं.

इंझोरीच्या मयालीचं नागस्वर झालं नाही. भंगार-लाकडाच्या व्यापाऱ्यानं ती सागाच्या निम्म्या भावात मागितली, वर म्हणाला, "हे घेऊन करू काय?" चुलतभावाला राग आला आणि त्यानं दिली नाही. गोठ्याच्या दारात तिचे दोन खांब उभे केले आहेत. वाळवी त्यांना अजून शिवलेली नाही. बैल खांदा घासतो त्या जागी लाकूड काळं, चकचकीत झालं आहे. गोठ्यात आता बैलजोडीपेक्षा ट्रॅक्टरची ट्रॉली जास्त वेळ असते, पण ते खांबाला सांगून उपयोग नाही.

एका मे महिन्यात पायथ्याकडून मी अंजनाच्या शेंगा आणल्या. कागदासारखी चपटी शेंग, टोकाशी एकच बी, वाऱ्यावर उडून जायला तयार. सगळ्या वर्षी बी सारखं धरत नाही. तेव्हा धरलं होतं. पहिल्या पावसात बांधावर टोचलं, उगवलंही. अंजनाचं रोप मोठं खट्याळ असतं. पहिली काही वर्षं ते वर वीतभर येतं, उन्हाळ्यात वाळून जातं, आणि सगळी ताकद खाली मुळात घालत राहतं. पावसाळ्यात पुन्हा नवा कोंब. वृक्षारोपणाची मोजणी होते ती वरच्या कोंबाची, आणि मोजणीच्या दिवशी नेमका तोच नसतो, तेव्हा कागदावर झाड मेलेलं निघतं. कोणत्याही रोपवाटिकेला अशी रोपं परवडायची नाहीत, हे समजण्यासारखं आहे. बांधावरच्या शेजाऱ्यांनाही ते परवडत नाही. दर उन्हाळ्यात ते येऊन पाहतात आणि विचारतात, "भाऊ, मेलं का तुमचं झाड?" मी म्हणतो, "नाही काका, खाली गेलं." मग ते तंबाखू मळत म्हणतात, "त्यापरीस साग लावला असता, तर नातवाच्या लग्नाले कामी आला असता." आणि सागाच्या बाबतीत त्यांचा हिशेब बरोबर आहे.