अर्थ न बदलता

फळ्यावर 'डू ॲज डिरेक्टेड' असं लिहिलं की मागच्या बाकांवरून एक सामुदायिक सुस्कारा ऐकू येतो. सत्तावीस वर्षं ऐकते आहे. सांगितल्याप्रमाणे करा. एक इंग्रजी वाक्य दिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी कंसात हुकूम: निगेटिव्ह करा, व्हॉइस बदला, 'टू' काढून टाका, 'नो सूनर'ने सुरुवात करा. एकेका वाक्याला एकेक गुण. आणि या सगळ्या हुकमांच्या पोटात एक अट, कधी छापलेली, कधी गृहीत धरलेली: वाक्याचा अर्थ न बदलता.

या अटीशी माझं भांडण बरंच उशिरा सुरू झालं.

नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी वाक्यरूपांतर गणितासारखं शिकवलं. वर सूत्र, खाली पाच उदाहरणं, घरी दहा. पहिला 'टू' गेला की तिथे 'सो' येतो, दुसरा 'टू' गेला की 'दॅट' आणि 'कॅनॉट'. दोन्ही 'टू'चं स्पेलिंग वेगळं, पण कानाला एकच, त्यामुळे अर्धा तास कुठला टू काढायचा यातच जायचा. 'नो सूनर'पाठोपाठ 'डिड' आला की 'रँग'चं 'रिंग' करायचं, कारण भूतकाळ डिडने खाल्लेला असतो. हे खाणं मुलांना फार आवडायचं. कुणी चुकून 'डिड द बेल रँग' लिहिलं की वर्ग ओरडायचा, "बाई, डिड उपाशी राहिला!"

गुण मिळायचे. पालक खूश, मी खूश. पण व्याकरणात एकही गुण न गमावणारी एक मुलगी सहलीच्या वेळी नदीकाठी उभी होती, तिला मी सहज म्हटलं, "पाणी फार गार आहे, उतरवत नाही, हे इंग्रजीत सांग बघू." ती गप्प. 'द वॉटर इज टू कोल्ड' एवढंही तोंडून निघेना. कालच तिने टू काढण्याची दहा वाक्यं बिनचूक सोडवली होती. काढता येत होता, घालता येत नव्हता.

आमची शाळा अकोले तालुक्यातली. आकाश मोकळं असलं की वर्गाच्या खिडकीतून कळसूबाई दिसते. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वर्गातली निम्मी मुलं नवरात्रात लोखंडी शिड्या चढून देवीला जाऊन आलेली असतात. म्हणून डिग्रीचा धडा मी गाईडमधल्या मोठ्या शहरांवरून काढून खिडकीतल्या डोंगरावर आणला. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' करा पॉझिटिव्ह डिग्री. एक मुलगा उठला आणि फळ्यावर लिहून आला: 'नो पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.'

'अदर' राहिला होता. एरवी मी खडूने तो मध्ये घुसवला असता, अर्धा गुण कापला असता आणि पुढे गेले असते. पण पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मग कळसूबाई कळसूबाईएवढी उंच नाही?" वर्ग हसला. मीही हसले, आणि मग विचारलं, "हेच मराठीत कसं म्हणाल?" तीन-चार आवाज एकदम आले: "कळसूबाईएवढं उंच दुसरं शिखर नाही."

'दुसरं' आपोआप आलं. त्यासाठी कुणी सूत्र दिलं नव्हतं, कुणाचा अर्धा गुण कधी कापला नव्हता. फळ्यावरच्या मुलाने न सांगता वाक्यात 'अदर' भरला.

उत्साहाच्या भरात मी साल्हेर घेतला. 1567 मीटर, कळसूबाईच्या खालोखाल. 'साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स.' सूत्राप्रमाणे उत्तर 'व्हेरी फ्यू'ने सुरू होतं. तोच मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, व्हेरी फ्यू कसलं? वर एकच तर आहे!" मग आम्ही मिळून लिहिलं: 'ओन्ली वन पीक इन महाराष्ट्र इज हायर दॅन साल्हेर.' हे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही. दिलेल्या वाक्यापेक्षा ते जास्त सांगतं, म्हणजे अट मोडली. मी पूर्ण गुण दिले.

ही कसरत आपल्याकडे आली कुठून, हे मी नंतर शोधलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफिल्ड यांची इंग्रजी व्याकरणं आपल्या शाळांतून रुळली, आणि पुढे आलं ते 'रेन अँड मार्टिन'. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. 1924 साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची साहसकथा लिहून ते गाजले. त्यांचं व्याकरण 1930च्या दशकात आलं ते मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. हे वाचलं तेव्हा मला नदीकाठची ती मुलगी आठवली. साहेबाच्या मुलाचं कपाट कपड्यांनी आधीच भरलेलं होतं. कुठला सदरा कुठे घालायचा एवढंच त्याला शिकायचं होतं. आमच्या मुलांकडे सदरा एकच, आणि आम्ही म्हणतो, तो उलटा करून दाखव.

मी स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. सदरा चार वर्षं आधी मिळू लागला खरा, पण उलटा करण्याची घाई तशीच राहिली. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, अशी ती पद्धत. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठी आणायची नाही. कळसूबाईच्या तासानंतर मी हा नियम बाजूला ठेवला.

आता 'नो सूनर'चा तास मी मराठीत सुरू करते. 'घंटा वाजली. मुलं पळाली.' दोन्ही वाक्यं जोडा, जितक्या तऱ्हांनी जमेल तितक्या. पहिल्यांदा हे केलं तेव्हा फळा पुरला नाही. घंटा वाजताच मुलं पळाली. घंटा वाजल्याबरोबर पळाली. घंटा वाजली रे वाजली की पळाली. वाजते न वाजते तोच पळाली. घंटा वाजायचा अवकाश, मुलं पळाली. शेवटचं वाक्य देणारी मुलगी आजीकडे वाढलेली, ते लगेच ओळखू येत होतं.

मग मी विचारलं, "यातलं कुठलं वाक्य कोण म्हणेल?" हा प्रश्न गाईडमध्ये नसतो, पण मुलं तुटून पडली. 'वाजल्याबरोबर' मुख्याध्यापक म्हणतील, नोटिशीत. 'वाजली रे वाजली की' आई म्हणेल, रोजच्या तक्रारीच्या सुरात. 'वाजते न वाजते तोच' म्हणजे घंटेचा टोल अजून हवेत आहे आणि पोरं फाटकाबाहेर. 'वाजायचा अवकाश' म्हणजे दप्तरं आधीच भरून ठेवलेली होती. घटना एकच, पण पाच वाक्यांत मुलांच्या अंगातली अधीरता पाच प्रकारची. त्यानंतर फळ्यावर 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन' लिहिलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, हे कोण म्हणेल?" मी म्हटलं, बोलताना सहसा कुणी नाही, गोष्ट लिहिणारा म्हणेल. बोलताना 'ॲज सून ॲज'. त्या दिवशी डिडला काही खाऊ घालावं लागलं नाही.

काही चुका आता मला चुका वाटतच नाहीत, त्या मराठीच्या पाऊलखुणा वाटतात. 'अन्टिल यू डोन्ट कम' लिहिणारा मुलगा 'तू येत नाहीस तोपर्यंत' असं मनात म्हणत असतो, आणि मराठीतला तो 'नाही' इंग्रजीत येऊन बसतो. 'ही सेड दॅट आय विल कम' लिहिणारीला 'तो म्हणाला की मी येईन' हे वाक्य अगदी बरोबर माहीत आहे. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा 'मी' त्याच्यापाशीच राहतो. इंग्रजीत तो काढून घ्यावा लागतो. एवढं सांगितलं की पुरतं.

खरी गाठ पडते ती व्हॉइसशी. माझ्या तासाआधी मराठीचा तास असतो. तिथे 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण आंब्याजागी पोळी ठेवली की 'खाल्ला'चं 'खाल्ली' होतं. घंटा होते, मी वर्गात येते आणि सांगते, 'राम एट अ मँगो', हे ॲक्टिव्ह. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं समजून बसलेलं पोर 'ने'चं 'बाय' करतं आणि आंबा पुढे आणतं. चूक त्याची नाही, दोन तासांमधल्या भिंतीची आहे. शेवटी मराठीचे सर आणि मी एक तास एकत्र घेतला. त्यांनी दाखवलं की इंग्रजी पॅसिव्हच्या वळणाचं मराठी वाक्य म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. पुस्तकात त्याला नवीन कर्मणी म्हणतात. मुलं म्हणाली, "सर, असं कोण बोलतं?" सर म्हणाले, "घरात कुणी नाही. सरकारात बोलतात."

आणि अर्थ तरी तसाच राहतो का? नोम चॉम्स्की यांनी 1957 साली 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स'मध्ये वाक्यांचं रूपांतर भाषाशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवलं, आणि त्याच पुस्तकात हेही दाखवलं की वाक्यात 'प्रत्येक' किंवा संख्या सांगणारे शब्द असले तर पॅसिव्ह करताना अर्थ हलू शकतो. मी वर्गात माझं उदाहरण देते. 'एव्हरी बॉय प्लांटेड अ ट्री.' पन्नास मुलगे, पन्नास झाडं. आता उलटवा: 'अ ट्री वॉज प्लांटेड बाय एव्हरी बॉय.' झाड एकच आणि त्याला पन्नास जणांचे हात, असंही वाचता येतं. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीची काच गेली. नववीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. "बाई, काच फुटली." चेंडू हातातच होता. मी वह्या तपासत होते, नादातच म्हणाले, "व्हॉइस बदल."

तो गोंधळला. त्याला वाटलं असेल, बाई इंग्रजीत विचारतायत. क्षणभर ओठ हलले, 'वॉज ब्रोकन'पर्यंत आला असावा. मग चेंडूकडे बघत म्हणाला, "बाई, मी काच फोडली."

फुटणे, फोडणे. सुटणे, सोडणे. तुटणे, तोडणे. फाटणे, फाडणे. कर्त्याला पडद्यामागे न्यायला मराठीला ना 'वॉज' लागतं ना 'गेली', धातूतल्या धातूत काम होतं. काच फुटते, शिस्त मोडते, वेळ टळते, पैसे संपतात. कुणी केलं, हे वाक्य विचारूच देत नाही. हे रूपांतर प्रत्येक मूल बोलू लागल्यापासून करत आलेलं असतं, आणि तेही दर वेळी अगदी हेतुपूर्वक. आम्ही त्याला वर्गात सांगतो की आता तुला हे शिकायचं आहे.

काचेचे पैसे मी दिले, आणि त्या दोन वाक्यांवर पुढचा अख्खा तास घेतला, अर्थात मुलाचं नाव न सांगता. दोन्हींत काच तीच, तुकडे तेवढेच. अर्थ बदलला की नाही? वर्गात दोन तट पडले. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवायची मला घाई नाही.

गेल्या महिन्यात वरच्या कार्यालयातून पत्र आलं. एक अहवाल 'तात्काळ सादर करण्यात यावा' असं त्यात होतं. तो अहवाल माझ्याकडे होता आणि मी विसरले होते. सरळ गोष्ट. मी संगणकावर उत्तर टाईप केलं: 'अहवाल सादर करण्यास विलंब झाला, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' हात सवयीने चालले होते. वाचून पाहिलं तर वाक्यात माणूसच नाही. विलंब आपला आपण झाला होता, दिलगिरी कुणीतरी व्यक्त करत होतं.

मी ते खोडलं आणि लिहिलं: 'अहवाल मी उशिरा पाठवत आहे. माझी चूक झाली.' पुन्हा वाचलं. तिथेही चूक 'झाली' होती, मी 'केली' नव्हती. तेही बदललं. तेवढ्यात मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले, पडद्याकडे बघून म्हणाले, "बाई, असं लिहीत नसतात हो." त्यांचंही खरं होतं. हे वाक्य कोण कुणाला म्हणेल, हा माझाच प्रश्न होता, आणि कार्यालयाला असं कुणीच म्हणत नाही.

पत्र पहिल्या वाक्यासकट गेलं. दोन्ही वाक्यं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. सोमवारी दहावीला व्हॉइस आहे.