पंपकिन पॅनकेक? बोंडं म्हणा की!

सप्टेंबर संपत आला की ऑफिसच्या ग्रुपवर पंपकिनचे फोटो पडायला लागतात. पंपकिन मफिन, पंपकिन पॅनकेक, वर मेपल सिरपची धार. २००३ साली स्टारबक्सनं अमेरिकेत पंपकिन स्पाइस लाटे आणली आणि बिचाऱ्या भोपळ्याचं नशीबच फळफळलं. ऑटमचं वेलकम म्हणे! आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात. आश्विन-कार्तिकातला आपला शरद म्हणजे दिवसा ऑक्टोबर हीट, रात्री कोजागिरीचं चांदणं आणि आमच्या घरी कोहळ्याची बोंडं.

आमचं घर म्हणजे धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. (पुण्यात लोक हमखास अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे समजतात. आम्हाला रेल्वेसाठी मलकापूर गाठावं लागतं.) दुसरा घोळ कोहळ्याचा. पुण्यात कोहळा म्हणजे पांढरा, पेठ्याचा, दुकानाच्या दारात टांगायचा. आम्ही कोहळं म्हणतो तो इथला लाल भोपळा.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायचो. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून अंदाज बांधायचा. शेंगदाणे, फुटाणे लगेच पकडले जायचे. बोंडं मऊ, आवाजच नाही! पण गूळ-वेलचीचा वास चुगली करायचा.

आता यातली एक भानगड. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही. तो पुरुषानं घालायचा, मग पुढचं चिरणं, किसणं, तळणं बाईनं. बाबा होते तोवर हे कुणाला खटकलंही नाही. ते अंगणात बसून कोहळं फोडायचे, बिया धुऊन वाळत घालायचे. ते गेल्यावर आई शेजारच्या मुलाची वाट बघायला लागली. त्याला कधी शेत, कधी परीक्षा. कोहळ्याची साल जाड, ते महिनोन् महिने टिकतं, म्हणून कोपऱ्यात पडून राहतं. गेल्या वर्षी आमच्या घरी बोंडं झालीच नाहीत. आईनं ते सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं.

मी मंडईतून आणते ती फोड, अर्धा किलोची. यंदा फोनवर आईला म्हटलं, "इथं पहिला घाव भाजीवाल्या मावशीच घालतात. रोज दहा-दहा भोपळे फोडतात."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "तिच्या घरी माणूस नाही का वं कोणी?"

"आहे ना. तो टेम्पो चालवतो."

यावर आई एकदम खसखशीवर गेली. घातली का, भाजून घातली का वगैरे.

तर कृती. दोन वाट्या किसलेलं कोहळं, एक वाटी चिरलेला गूळ, मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा. वेगळं पाणी नको, कोहळ्याला स्वतःचंच भरपूर सुटतं. मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना कणीक जास्त ओढली जाते आणि बोंडं दडस होतात. मग मावेल तेवढी कणीक, दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, वेलची, भाजलेली खसखस आणि चमचाभर कडकडीत तेल. अर्धा तास मुरवून कढईत सोडा. आच मध्यमच हवी, नाहीतर गुळामुळे वरून काळी आणि आत कच्ची.

वन बीएचकेत कढईभर तेल तापवायचा कंटाळा येतो, म्हणून मी त्याच पिठात दूध घालून सैल करते आणि नॉनस्टिकवर छोटी जाडसर धिरडी टाकते. वर तूप. झाले पॅनकेक! मेपल सिरपवाल्यांनी एकदा खाऊन बघावंच.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आईचा फोन. आवाजात उगाचच घाई.

"एवढं मोठं कोहळं एकटीनं किती खाऊ? अर्धं शेजारी देऊन टाकलं."

फोडलं कुणी, हे मी विचारलं नाही. मागून पावशीवर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता.

"अन् ते तव्यावरचं कसं करतं तू? दूध गरम घालायचं का थंडं?"

"थंडं," मी म्हटलं. "अन् गॅस बारीक ठेव."