उरलेले दोन दाणे

थळच्या किनाऱ्यावर मी किती वेळा गेले असेन! समोर खांदेरी-उंदेरी, पायाखाली ओली वाळू आणि मागे, नारळांच्या शेंड्यांवरून डोकावणारे आरसीएफच्या कारखान्याचे टॉवर. फोटोत ते येऊ नयेत म्हणून मी वाकायचे, सरकायचे. आत खत बनतं, एवढंच ठाऊक होतं. आणि परवा कुरूळला एका ओळखीच्या काकांकडे गेले. उभी नोकरी त्यांनी अमोनिया प्लांटच्या शिफ्टमध्ये काढलेली. मी सहज विचारलं, "काका, गॅसपासून खत होतं तरी कसं?" आणि त्यांनी काकूंचे डबेच काढले!

चिंचोका म्हणजे कार्बन, तांदूळ म्हणजे हायड्रोजन, वाल म्हणजे ऑक्सिजन. एका चिंचोक्याभोवती तांदळाचे चार दाणे मांडले. हा नैसर्गिक वायूतला मिथेन. शेजारी एक वाल, दोन दाणे. ही वाफ. रिफॉर्मरच्या नळ्यांत, निकेलच्या कॅटॅलिस्टवर, 800 अंशांच्या आसपास दोघांची मोडतोड होते. चिंचोका वालाला जाऊन चिकटतो आणि सहाही दाणे सुटे!

"आता मिथेनॉल कर."

चिंचोका, वाल, चार दाणे. मी केलं. दोन दाणे उरले.

"यांचं काय करशील?"

मी नुसती बघत राहिले. काका म्हणाले, "अगं, अमोनियाला हेच तर हवेत! नायट्रोजन हवेतून फुकट मिळतो." (खऱ्या प्लांटमधला हिशेब इतका सरळ नसतो, हवेतला ऑक्सिजनही मधे तोंड घालतो. पण मला तेवढ्यावर थांबायचंच नव्हतं!)

खरी गंमत तर पुढे. चिंचोका-वालाची ही जोडी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अमोनियाच्या लोखंडी कॅटॅलिस्टला विषासारखी. म्हणून अमोनियावाले ती जिवापाड मेहनतीने काढतात. वाफेशी गाठ घालून तिचा कार्बन डायऑक्साइड करायचा, तो धुऊन काढायचा, आणि तरीही उरलेल्या चिमटीचा चक्क पुन्हा मिथेन करायचा. जिथून निघालो तिथेच! आणि मिथेनॉलला नेमकी तीच जोडी प्यारी. वाटेत आधी मिथेनॉल करून घ्या, विषाचा मोठा वाटा तिथेच कामी येतो, उरलेला हायड्रोजन पुढे अमोनियाला. एकाच गॅसवर दोघांची पंगत! जर्मनीत बीएएसएफने 1913 मध्ये ओप्पाऊला अमोनियाचा कारखाना काढला आणि 1923 मध्ये ल्यूनाला मिथेनॉल केलं, तेही एकाच घरातले भाऊ.

"मग थळला का नाही करत असं?"

काकांनी चिंचोका उचलला. "इथे युरिया आहे ना! दोन अमोनियाला एक कार्बन डायऑक्साइड लागतो. आमचा चिंचोका आधीच बुक!" 1985 च्या सुमारास बॉम्बे हायच्या गॅसवर थळ सुरू झालं ते युरियासाठीच. आरसीएफचं मिथेनॉल ट्रॉम्बेचं. पण थांबा, थळला मिथाइल अमाइनचा प्लांटही उभा राहिला, आणि मिथाइल अमाइन होतं कशापासून? मिथेनॉल आणि अमोनियापासून! म्हणजे दोघं भेटली ती शेवटी थळलाच.

मी चिंचोका पुन्हा मांडायला घेतला, तोच आतून काकूंचा आवाज आला, "वाल मोजून परत ठेवा हो, उद्या बिरडं करायचंय."